मक्याचे ठिपकेदार दाणे: बीजात आईची प्रत आणि बापाची प्रत वेगळी कशी वागते?

प्रश्न असा आहे: सपुष्प वनस्पतींच्या बीजात काही जनुकांची फक्त आईकडून आलेली प्रत चालते, काहींची फक्त बापाकडून आलेली. दोन्ही प्रतींचा डीएनए अक्षरन्‌अक्षर सारखा असला तरी हा भेद राहतो. मग कोणती प्रत कुठून आली हे पेशीला कळते कसे? ही खूण कोण ठेवते? आणि आपल्या प्रयोगात जे दिसते आहे ते खरोखर इम्प्रिंटिंगच आहे, हे ताडायचे कसे?

इम्प्रिंटिंग म्हणजे ठसा उमटवणे. या नावामुळे असा समज होतो की बाप किंवा आई आपापल्या प्रतीवर काहीतरी शिक्का मारून ती पाठवते. वनस्पतींत बहुतेक वेळा उलटा प्रकार असतो. शिक्का, म्हणजे डीएनए मिथायलेशन (डीएनएच्या अक्षरावर बसलेला मिथाइल हा छोटा रासायनिक गट), दोन्हीकडच्या प्रतींवर आधीपासूनच असतो. तो आईच्या बाजूला, फलनाच्या आधी, एकाच विशिष्ट पेशीत, ठरावीक जागी पुसला जातो. बापाच्या प्रतीवर तो तसाच राहतो. पुढचे सगळे या पुसण्यातून निघते, म्हणून बाकी तपशील विसरला तरी चालेल, पण एवढे पक्के धरून ठेवा.

हे घडते कुठे ते आधी पाहू. अरेबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपावर या विषयाचे सर्वाधिक काम झाले आहे. त्याच्या बीजांडातल्या भ्रूणकोषात सात पेशी आणि आठ केंद्रके असतात. आपल्या कामाच्या पेशी दोन: अंडपेशी, आणि तिच्या शेजारची मोठी मध्यवर्ती पेशी, जिच्यात आईची दोन केंद्रके असतात. परागनलिका दोन शुक्रपेशी घेऊन येते. एक अंडपेशीशी मिळते आणि भ्रूण होतो. दुसरी मध्यवर्ती पेशीशी मिळते आणि भ्रूणपोष, म्हणजे भ्रूणाला पोसणारी ऊती, होतो. हे द्विफलन सेर्गेई नवाशिन यांनी १८९८ मध्ये लिली आणि फ्रिटिलेरिया या फुलांत दाखवून दिले. हिशेब साधा आहे. भ्रूणात आई-बाप १:१ असतात. भ्रूणपोषात आईचे दोन संच आणि बापाचा एक, म्हणजे २:१. इम्प्रिंटिंग जवळजवळ सगळे या भ्रूणपोषातच दिसते. भ्रूणात ते फार थोड्या जनुकांपुरते आहे.

भ्रूणपोष ही काही दुर्मीळ ऊती नाही. भाताचा पांढरा दाणा, गव्हाचा रवा, मक्याची फुललेली लाही हे सगळे भ्रूणपोषच. हरभऱ्यात मात्र तो दिसत नाही, कारण वाढता भ्रूण तो खाऊन टाकतो; आपण डाळ म्हणतो ती भ्रूणाची बीजपत्रे असतात. भ्रूणपोषाचा सुरुवातीचा टप्पा उघड्या डोळ्यांनी पाहायचा असेल तर शहाळे फोडावे. आतले पाणी म्हणजे पेशीभित्तिका न घालता केंद्रके विभागत राहिलेला भ्रूणपोष. करवंटीला चिकटलेली मऊ मलई म्हणजे भित्तिका पडून पेशी तयार झालेला भाग. पाण्यातून मलई होणे, म्हणजे केंद्रकांभोवती भिंती पडणे, याला पेशीभवन म्हणू. इम्प्रिंटिंग बिघडले की पहिला फटका बहुधा याच पायरीला बसतो.

एखाद्या एकट्या जनुकाचे इम्प्रिंटिंग सर्वप्रथम दिसले ते मक्यात. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे जेरी कर्मिकल यांचे हे काम १९७० चे आहे. मक्यातले आर नावाचे जनुक दाण्याच्या सालीखालच्या अल्यूरोन थराला लाल-जांभळा रंग देते, आणि अल्यूरोन हा भ्रूणपोषाचाच सर्वांत बाहेरचा थर. रंगीत आर आईकडून आले आणि बिनरंगी बापाकडून, तर दाणा अखंड गडद होतो. तोच संकर उलटा केला, म्हणजे रंगीत आर बापाकडून आले, की दाण्यावर गडद-फिके ठिपके-ठिपके उमटतात. इथे कोणालाही पहिली शंका येईल ती मात्रेची: आईकडून दोन प्रती येतात, बापाकडून एकच, म्हणून रंग कमी पडला असेल. कर्मिकल यांनी ही शंका तिथेच निकालात काढली. मक्यात बी-गुणसूत्राला, म्हणजे नेहमीच्या संचाबाहेरच्या जादा गुणसूत्राला, आर असलेला तुकडा जोडलेले वाण असतात. त्यांच्या परागात विभाजन चुकते आणि एका शुक्रपेशीत त्या तुकड्याच्या दोन प्रती जातात. बापाकडून आरच्या दोन प्रती दिल्या तरी दाणे ठिपकेदारच निघाले. प्रती किती यावर रंग ठरत नव्हता, त्या कुठून आल्या यावर ठरत होता. इतक्या जुन्या काळातला हा प्रयोग आजही नमुना म्हणून शिकवावा असा आहे, कारण मात्रा आणि उगम यांतला गोंधळ आजही लोक करतात.

आता पुसणारा कोण ते पाहू. अरेबिडॉप्सिसमध्ये हे काम डेमेटर नावाचे एन्झाइम करते. त्याचे वर्णन २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. डीएनएच्या सायटोसिन या अक्षरावर मिथाइल गट बसलेला असतो. डेमेटर फक्त तो गट खरवडून काढत नाही, मिथाइलसकट अख्खे सायटोसिनच कापून टाकते. पडलेली खाच पेशीची नेहमीची दुरुस्ती-यंत्रणा साध्या, बिनमिथाइल सायटोसिनने भरते. या पद्धतीत डीएनएच्या एका धाग्याला दरवेळी छेद जातो, म्हणून ती जपून वापरायची गोष्ट आहे. डेमेटरचे मुख्य काम दोनच ठिकाणी चालते: मध्यवर्ती पेशीत, आणि परागकणातल्या शाकीय पेशीत, जी नलिका तयार करते. या दोन्ही पेशींचा डीएनए पुढच्या पिढीत जात नाही. अंडपेशी आणि शुक्रपेशी, ज्यांचा जातो, त्यांना डेमेटर हात लावत नाही. मध्यवर्ती पेशीत आणखी एक गोष्ट मदतीला येते: मिथायलेशनची नक्कल करणाऱ्या मेट१ या एन्झाइमचे उत्पादन तिथे दाबलेले असते, त्यामुळे पुसलेली जागा पुन्हा भरायची शक्यता कमी होते.

डेमेटर कुठे पुसते? मुख्यतः जनुकांच्या आसपास पडलेल्या छोट्या ट्रान्सपोझॉनच्या अवशेषांवर. ट्रान्सपोझॉन म्हणजे जीनोममध्ये जागा बदलणारे तुकडे. त्यांना गप्प ठेवायला वनस्पती त्यांच्यावर मिथायलेशन बसवते. असा तुकडा योगायोगाने एखाद्या जनुकाच्या प्रवर्तकात (जनुक सुरू करणाऱ्या भागात) किंवा शेजारी पडला, की ते जनुक इम्प्रिंटिंगच्या फेऱ्यात येण्याची शक्यता निर्माण होते.

एफडब्ल्यूए या जनुकावर हे अगदी स्वच्छ दिसते. त्याच्या प्रवर्तकात एका लहान ट्रान्सपोझॉनपासून आलेले पुनरावृत्त तुकडे आहेत. मुळापासून फुलापर्यंत सगळ्या रोपात त्यांवर मिथायलेशन असते आणि जनुक बंद असते. मध्यवर्ती पेशीत डेमेटर ते पुसते आणि जनुक सुरू होते. फलन झाल्यावर डेमेटर थांबते. आता एकाच केंद्रकात दोन अवस्था आहेत: आईच्या प्रती पुसलेल्या, बापाची प्रत मिथाइलयुक्त. डीएनएची नक्कल होताना मेट१ जुन्या धाग्याकडे पाहते आणि जिथे मिथाइल आहे तिथेच नव्या धाग्यावर मिथाइल बसवते. रिकामी जागा रिकामी राहते, भरलेली भरलेली. म्हणून तेच केंद्रक, तीच प्रथिने, तरी प्रत्येक विभाजनात हा भेद टिकतो. आईची प्रत बोलते, बापाची गप्प. अशा जनुकांना आपण 'मातृव्यक्त' म्हणू.

मग बापाचीच प्रत चालते ती 'पितृव्यक्त' जनुके कुठून आली? इथे अनेकांची गाडी अडते, कारण पुसले की जनुक सुरू होते एवढेच लक्षात राहते. इथे दुसरी यंत्रणा येते: पॉलिकोम्ब संकुल, पीआरसी२. हे हिस्टोन एच३ या, डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनाच्या, २७व्या लायसिनवर तीन मिथाइल गट बसवून जनुक बंद करते. बीजात काम करणाऱ्या या संकुलाचे घटक आहेत मेडिया, फिस२, एफआयई आणि एमएसआय१. जिथे डीएनएवर दाट मिथायलेशन असते तिथे पीआरसी२ सहसा ठाण मांडत नाही. आता जोडून पाहा. मध्यवर्ती पेशीत डेमेटरने एखाद्या जनुकाजवळचे मिथायलेशन पुसले, की ती मोकळी झालेली जागा पीआरसी२ पकडते आणि आईची प्रत बंद पडते. बापाच्या प्रतीवर मिथायलेशन शाबूत असल्याने पीआरसी२ तिथे बसू शकत नाही, आणि ती चालू राहते. पुसणे तेच, ते जनुकाच्या प्रवर्तकात घडले की आईची प्रत सुरू होते, आणि पीआरसी२च्या पकडीच्या जागी घडले की ती बंद होते.

पितृव्यक्त जनुकांचे नेहमीचे उदाहरण म्हणजे फेरेस१, मॅड्स-बॉक्स कुळातले जनुक. त्याचे निर्णायक पुनरावृत्त तुकडे प्रवर्तकात नाहीत. ते जनुक संपल्यानंतर, शेपटाकडे आहेत. बापाच्या प्रतीत तिथे मिथायलेशन लागते, तरच ती चालते. हे लक्षात ठेवा, प्रयोगाच्या भागात उपयोगी पडेल.

बापाच्या बाजूलाही तयारी होते. शुक्रपेशीत एच३.१० नावाचा वेगळा हिस्टोन भरला जातो. त्याच्या २७व्या लायसिनवर पीआरसी२ला मिथाइल बसवता येत नाही. त्यामुळे बापाचा डीएनए पॉलिकोम्बच्या खुणांपासून जवळजवळ मोकळा होऊन येतो. हे काम २०२० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पितृव्यक्त जनुकांची बापाची प्रत इतकी तयार का असते याचे उत्तर त्यातून मिळाले.

या दोन्ही बाजू एकमेकींत गुंतलेल्या आहेत. मेडिया आणि फिस२ ही स्वतःच मातृव्यक्त जनुके आहेत. म्हणजे आईची प्रत ज्या प्रथिनांनी पितृव्यक्त जनुकांना बंद ठेवते, ती प्रथिनेही आईच्याच प्रतीतून येतात. मेडियाच्या बाबतीत एक अपवाद ध्यानात ठेवावा. त्याची आईची प्रत डेमेटरमुळे सुरू होते हे खरे, पण बापाची प्रत बंद असते ती मुख्यतः पीआरसी२मुळे, मेट१च्या मिथायलेशनमुळे नाही. म्हणून 'मातृव्यक्त म्हणजे बापाची प्रत मिथायलेशनने बंद' असे सरसकट सूत्र लावू नये. प्रत्येक जनुकाची चाचणी स्वतंत्र करावी लागते.

सस्तन प्राण्यांशी तुलना करणारे लोक विचारतात की पुढच्या पिढीत हे शिक्के पुसून नव्याने कसे बसवले जातात. वनस्पतींत या कामाची गरजच पडत नाही. भ्रूणपोष भ्रूणाला पोसतो आणि संपतो. त्यात झालेले पुसणे त्याच्याबरोबर जाते. नवे रोप भ्रूणापासून उगवते, आणि त्याच्यावर मिथायलेशन मूळचेच असते. आई होणारे प्रत्येक रोप आपल्या मध्यवर्ती पेशीत पुसण्याचे काम नव्याने करते.

लहान आरएनएंचा वाटाही आहे. चोवीस अक्षरी लहान आरएनए मिथायलेशनची जागा दाखवतात. परागाच्या शाकीय पेशीत डेमेटरने उघडे पाडलेले ट्रान्सपोझॉन शुक्रपेशीतल्या मिथायलेशनला बळ देतात असे पुरावे आहेत. पण एखादे जनुक इम्प्रिंटेड का आहे याचा शोध घेताना आधी डेमेटर आणि पीआरसी२ तपासावेत, लहान आरएनए नंतर.

तृणधान्यांत डेमेटर नाही. तिथे त्याच कुळातली दुसरी एन्झाइमे हे काम करतात, भातात रॉस१ए. आणि कर्मिकल यांच्या आर जनुकाचा धागाही शेवटी इथेच जुळला. मक्यात एमडीआर१ नावाचे जनुक बिघडलेले असेल तर रंगीत आर आईकडून येऊनही दाणा ठिपकेदार होतो. हे जनुक मिथाइल सायटोसिन कापणारे एन्झाइमच बनवते हे २०२२ मध्ये दाखवले गेले. आईच्या आरवरचे मिथायलेशन पुसले गेले नाही, की आईची प्रत बापाच्या प्रतीसारखी वागते. बावन्न वर्षांनी का होईना, ठिपक्यांचे कारण रेणूच्या पातळीवर सापडले.

आता तोल बिघडला की काय होते ते पाहू, कारण बियाणे करणाऱ्यांचा संबंध इथे येतो. अरेबिडॉप्सिसच्या भ्रूणपोषात भिंती न पडता केंद्रकांच्या सुमारे आठ फेऱ्या होतात, दोनशेच्या आसपास केंद्रके होतात आणि मग पेशीभवन सुरू होते. साध्या द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेल्या) आईवर चतुर्गुणित (चार संचांच्या) बापाचा पराग टाकला तर भ्रूणपोषात प्रमाण २:१ ऐवजी २:२ होते. पितृव्यक्त जनुके, फेरेस१ आणि त्याच्या कुळातली इतर, जास्त काळ जोरात चालतात. पेशीभवन लांबते किंवा होतच नाही. भ्रूण हृदयाकृती अवस्थेच्या आसपास अडकतो आणि बी काळवंडून आक्रसते. मेडिया किंवा फिस२ आईकडून बिघडलेले आले तरी नेमके हेच चित्र दिसते, म्हणून दोन्हीचे मूळ एक आहे असे समजले. या अडथळ्याला त्रिगुणित अडथळा म्हणतात. अरेबिडॉप्सिसच्या वाणानुसार फरक पडतो: कोलंबिया वाणात बहुतेक बिया मरतात, लँड्सबर्गमध्ये बऱ्याच वाचतात. बापाकडून येणाऱ्या काही पितृव्यक्त जनुकांपैकी एक, उदाहरणार्थ एडमेटोस, निकामी केले तर कोलंबियातल्याही बऱ्याच बिया वाचतात. तोल एकट्या जनुकाच्या हातात नाही, पण एकेक जनुक त्याला बऱ्यापैकी हलवू शकते, हे त्यातून कळते.

उलट्या संकरात, म्हणजे चतुर्गुणित आई आणि द्विगुणित बाप, प्रमाण ४:१ होते. पेशीभवन लवकर होते, बी लहान राहते, पण बहुधा जगते. बिनबियांच्या कलिंगडाचे बियाणे याच कारणाने नेहमी एकाच दिशेने केले जाते. साध्या कलिंगडात २२ गुणसूत्रे असतात. कोल्चिसिन हे गुणसूत्रे दुप्पट करणारे रसायन वापरून ४४ गुणसूत्रांची आई तयार करतात, तिच्यावर २२ गुणसूत्रांच्या बापाचा पराग टाकतात आणि ३३ गुणसूत्रांचे त्रिगुणित बी मिळवतात. दिशा उलटी केली तर हाती पोकळ बिया येतात. सरळ दिशेच्या बियांनाही आईकडच्या जादा मात्रेची किंमत मोजावी लागतेच: टरफल जाड, आतला भ्रूण जागा पूर्ण न भरणारा, उगवण नाजूक. म्हणून असे बी शेतात थेट टोकत नाहीत; ३० अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान ठेवून, माध्यम जेमतेम ओले राखून ट्रेमध्ये रोपे करतात. जास्त पाणी झाले तर जाड टरफलाखाली भ्रूण गुदमरतो.

हाच हिशेब बीजातून क्लोन तयार करण्याच्या भातावरील कामात जपावा लागतो. तिथे आईची अंडपेशी अर्धसूत्री विभाजन टाळून द्विगुणित ठेवतात आणि भ्रूण फलनाशिवाय वाढवतात. पण भ्रूणपोषाला फलन हवेच असते. पराग साधा राहिला असता तर प्रमाण ४:१ झाले असते. अर्धसूत्री विभाजन नर बाजूलाही टाळलेले असल्याने शुक्रपेशी द्विगुणित असते, प्रमाण ४:२ म्हणजे पुन्हा २:१ होते आणि दाणा भरतो.

आता प्रयोग. जनुक इम्प्रिंटेड आहे असे म्हणण्यासाठी दोन वाण लागतात, ज्यांच्या डीएनएत एकेका अक्षराचे फरक आहेत, आणि संकर दोन्ही दिशांनी करावे लागतात. एका दिशेच्या संकरावरून काहीही ठरत नाही. कोलंबिया आणि लँड्सबर्ग ही नेहमीची जोडी.

फूल उमलण्याच्या आदल्या दिवसाची कळी घ्यावी, जिच्या पाकळ्यांचे टोक नुकते दिसू लागले आहे. बारीक टोकाच्या चिमट्याने सहाही पुंकेसर काढावेत. एकही परागकोश फुटलेला दिसला तर ती कळी टाकून द्यावी. त्याच फांदीवरची उमललेली फुले आणि लहान कळ्या काढून टाकाव्यात. एक ते दोन दिवसांनी कुक्षीवरचे केस पसरलेले दिसले की परागण करावे. रोपे २२ अंश तापमानाला, १६ तास प्रकाशात ठेवली तर साधारण सहा-सात दिवसांनी भ्रूण टॉर्पेडो अवस्थेत येतो आणि भ्रूणपोष वेगळा काढता येतो. बी ०.३ मोलर सॉर्बिटॉल आणि ५ मिलिमोलर एमईएस बफर, पीएच ५.७ या द्रावणात, सूक्ष्मदर्शकाखाली सुईने चिरावे, भ्रूण दाबून बाहेर काढावा, मग भ्रूणपोष टरफलापासून सोडवावा. प्रत्येक भाग ताज्या द्रावणाच्या थेंबांतून दोन-तीनदा धुवावा. ही धुलाई कंटाळवाणी आहे, पण तीच सर्वांत महत्त्वाची. एका नमुन्याला ५० ते १०० बिया आणि प्रत्येक दिशेला किमान तीन स्वतंत्र नमुने ठेवावेत.

मोजणीत अपेक्षा ५०:५० नाही, ६७:३३ आहे हे आधी मनात ठसवावे. समजा एका जनुकावर वाणभेद दाखवणारी ९० वाचने, म्हणजे क्रमवाचन यंत्राने वाचलेले आरएनएचे तुकडे, मिळाली. कोलंबिया आई असताना ६१ कोलंबियाची, २९ लँड्सबर्गची आली, तर काहीही विशेष नाही. कोलंबिया आई असताना ८४:६ आले, आणि लँड्सबर्ग आई असताना लँड्सबर्गची ८२ व कोलंबियाची ८ आली, तर जनुक मातृव्यक्त. पण दुसऱ्या दिशेला लँड्सबर्गची २० आणि कोलंबियाची ७० आली, तर ते इम्प्रिंटिंग नव्हे. कोलंबियाची प्रतच लँड्सबर्गपेक्षा सातपट जोरात चालते: पहिल्या दिशेला १४:१, दुसऱ्या दिशेला २:७, दोन्ही आकडे बरोबर जुळतात. एका दिशेचा संकर करणारे नेमके इथे फसतात.

सर्वांत मोठा घोटाळा टरफलाचा. टरफल पूर्णपणे आईचे असते, त्यात बाप नसतोच. समजा १०० वाचनांतली ४० टरफलातून आली. उरलेल्या ६० मध्ये आईची ४०, बापाची २०. एकूण झाले ८०:२०, आणि साधे जनुक मातृव्यक्त वाटू लागले. सुरुवातीच्या याद्यांतली बरीच मातृव्यक्त जनुके या कारणाने संशयास्पद ठरली. म्हणून यादी बनवण्याआधी फक्त टरफलात चालणारी जनुके, उदाहरणार्थ बॅन्यूल्स, आपल्या नमुन्यात किती दिसतात ते बघावे. ती ठळक दिसत असतील तर नमुना बाद करणेच बरे. गणिती दुरुस्तीवर विसंबू नये. पितृव्यक्त जनुकांच्या यादीवर त्यामानाने जास्त विश्वास ठेवता येतो, कारण टरफलाची भेसळ आईचा वाटा फक्त वाढवू शकते, बापाचा नाही.

सगळ्या जनुकांचा मधला आकडा ६७ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. दोन्ही दिशांना तो आईकडे बराच सरकला असेल तर टरफल किंवा निसटलेले स्वपरागण. दोन्ही दिशांना एकाच वाणाकडे सरकला असेल तर दोष वाचने जुळवण्यात आहे: संदर्भ जीनोम कोलंबियाचा असतो, त्यामुळे कोलंबियाची वाचने सहज बसतात आणि लँड्सबर्गची गळतात. दोन्ही वाणांचे जीनोम स्वतंत्र संदर्भ म्हणून वापरले की हा दोष बराच जातो. आणखी एक फसवणूक म्हणजे फलनाआधी मध्यवर्ती पेशीत तयार होऊन शिल्लक राहिलेला आरएनए. फलनानंतर पहिल्या एक-दोन दिवसांच्या नमुन्यांत हा धोका जास्त. इंट्रॉन (आरएनएतून नंतर कापले जाणारे भाग) अजून न कापलेली वाचने पाहिली तर आत्ता चालू असलेली प्रत कोणती ते कळते.

यंत्रणा कोणती हे ठरवायला उत्परिवर्ती, म्हणजे एखादे जनुक बिघडलेली, रोपे वापरतात, आणि इथे कोणते रोप कोणत्या बाजूला ठेवायचे यावर सगळे अवलंबून आहे. मातृव्यक्त जनुकासाठी साधी आई आणि मेट१ बिघडलेला बाप घ्यावा. बापाची प्रत आता बिनमिथायलेशनची येते. ती सुरू झाली तर बंदी मिथायलेशनची होती. एफडब्ल्यूएमध्ये ती सुरू होते, मेडियामध्ये होत नाही. पितृव्यक्त जनुकासाठी आई मेडिया किंवा फिस२ बिघडलेली आणि बाप साधा घ्यावा. आईची प्रत सुरू झाली तर ती पीआरसी२ने बंद होती. बाजू उलटी ठेवली तर उत्तर मिळत नाही. मेडियाचा दोष बापाकडून आला तर काहीच दिसत नाही, कारण बापाची प्रत मुळातच चालत नाही. आई असलेल्या रोपाच्या दोन प्रतींपैकी एकीत दोष असेल तर बाप कसाही असो, शेंगेत निम्म्या बिया मरतात. शेंग उघडून हिरव्या फुगीर आणि तपकिरी आक्रसलेल्या बिया मोजणे ही या विषयातली सर्वांत स्वस्त आणि भरवशाची चाचणी आहे. स्वपरागणाच्या शेंगेत मोजणीत ५० ऐवजी २५ टक्के आले तर दोष मातृक नसून साधा अप्रभावी आहे.

जनुकाच्या प्रवर्तकाला चमकणारे प्रथिन जोडून इम्प्रिंटिंग पाहणाऱ्यांनी फेरेस१ची आठवण ठेवावी. शेपटाकडचे पुनरावृत्त तुकडे न घेता फक्त प्रवर्तक घेतला तर आई-बाप दोन्ही प्रती चमकतात आणि जनुक इम्प्रिंटेड नाही असा चुकीचा निष्कर्ष निघतो. जनुकाच्या दोन्ही बाजूंचे काही हजार बेस घ्यावेत, आणि असे जनुक घातलेल्या रोपांच्या किमान तीन-चार स्वतंत्र ओळी तपासाव्यात, कारण घातलेल्या जनुकावर नव्याने मिथायलेशन बसू शकते.

शेवटी मिथायलेशन मोजण्याबद्दल. त्यासाठीच्या बायसल्फाइट या रासायनिक प्रक्रियेत साधा, बिनमिथाइल सायटोसिन (सी) थायमिन (टी) म्हणून वाचला जातो. त्यामुळे दोन वाणांत सी आणि टी एवढाच फरक असलेल्या जागा प्रत ओळखायला निरुपयोगी ठरतात: टी दिसला तर तो वाणाचा की प्रक्रियेचा, ते सांगता येत नाही. विरुद्ध धाग्यावर हीच अडचण जी आणि ए या जोडीची. प्रायमर ठरवण्याआधी त्या तुकड्यात ए-टी, सी-ए किंवा जी-टी असा किमान एक फरक आहे याची खात्री करून घ्यावी, आणि तो फरक डेमेटर जिथे काम करते त्या ट्रान्सपोझॉनच्या अवशेषापासून एका वाचनाच्या लांबीच्या आत असावा. तसा फरक त्या जोडीत नसेल तर वाणाची दुसरी जोडी घ्यावी. केप व्हर्डे बेटांवरचा वाण अशा वेळी बरेचदा उपयोगी पडतो, कारण कोलंबियाशी त्याचे अंतर जास्त आहे.